पेटीची दोन कुलपे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगी ‘मोह आणि इंद्रियदमन’ ह्या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा अध्यक्षीणबाईंनी केली. मी दोनदा नाही म्हटले. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, “तुम्ही मंडळातल्या जुन्या, तुम्ही नाही बोलायचे तर कोणी?” आता जुनी माणसे शहाणी असतातच असे नाही, पण त्यांना ठेचा अधिक लागलेल्या असतात, एवढे खरे. म्हणून उपदेश करण्यासाठी नव्हे, तर कोठे ठेच लागली ते दाखवण्यासाठी मी येथे उभी आहे.

आपल्या मंडळाची ती हिरवी पत्र्याची पेटी आपणां सर्वांना ठाऊक आहे. तिला दोन कुलपे आहेत. दोन किल्ल्या दोन भगिनींजवळ असतात, आणि दोघी हजर असल्याखेरीज पेटी उघडत नाही. नव्या सभासद भगिनी हसून विचारतात, “एवढ्याशा पेटीला दोन कुलपे कशाला? आत काय कोहिनूर आहे?” मागच्या बैठकीत तर एकीने सुचवले की, आता पैसे मोबाईलवरून येतात-जातात, तेव्हा ही पेटी काढून टाकावी आणि सर्व वर्गणी एकाच भगिनीच्या खात्यावर जमा व्हावी. पुढच्या बैठकीत त्याचा निर्णय व्हावयाचा आहे. निर्णय होण्यापूर्वी ती दोन कुलपे कशी आली, हे आपल्या कानांवर पडावे, असे मला वाटते. कारण ती माझ्यामुळे आली.

पेटीची गोष्ट सांगण्यापूर्वी मुठीची गोष्ट सांगितली पाहिजे. रोज स्वयंपाकाला बसताना एक मूठ धान्य देवाच्या नावाने बाजूला काढावयाचे, महिनाअखेर ते एकत्र करून विकावयाचे आणि येईल तो पैसा अडल्यानडल्यासाठी ठेवावयाचा, अशी चाल माझ्या माहेरीही होती. 1972 च्या दुष्काळात मी बारा वर्षांची होते. आई खडी फोडावयास जाई. घरात मिलोची तांबडी ज्वारी येई आणि तीही मोजून मापून. मला वाटले, आता तरी आई मूठ बंद करील. तिने मूठ बंद केली नाही. एके दिवशी ती मला म्हणाली, “आजपासून मूठ तू काढायची.” मला मोठा मान मिळाल्यासारखे वाटले. पुढे कित्येक वर्षांनी माझ्या ध्यानात आले की, माझी मूठ तिच्या मुठीच्या निम्मी होती! माझी आई मोठी हिशेबी बाई. तिने मूठ लहान केली, पण चुकवली नाही. इंद्रियदमनाचा पहिला धडा मला तेथे मिळाला, आणि तो रडतखडत नव्हे, हसतखेळत मिळाला.

आता ‘इंद्रियदमन’ हा शब्दच पाहा. आपल्या पवित्र शास्त्रात पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आत्म्याचे फळ सांगितले आहे. त्यात प्रीती पहिली आणि इंद्रियदमन शेवटचे. ‘दमन’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काठी आणि बैल उभा राहतो. पण पाळकसाहेबांनी एकदा आम्हांला समजावून सांगितले की, मूळ ग्रीक शब्द ‘एन्क्रातेइया’ असा आहे आणि त्याच्या मुळाशी सत्ता, जोर असा अर्थ आहे. ज्याचे राज्य त्याच्याच ताब्यात आहे, तो इंद्रियदमन केलेला माणूस. आणि पौल त्याला फळ म्हणतो, हेही विसरू नये. फळ झाडाला कोणी बाहेरून बांधून लावत नाही. मुळांना पाणी मिळाले तर ते येते, आणि यावयाला वेळ लागतो.

नीतिसूत्रांत ह्याच गोष्टीला एक फार चांगला दृष्टांत आहे. ज्याचा स्वतःच्या मनावर ताबा नाही, तो तटबंदी ढासळलेल्या नगरासारखा आहे, असा त्याचा आशय आहे. आम्हां नगरकरांना तो समजावून सांगावा लागत नाही. 1595 च्या अखेरीस मोगलांच्या फौजेने आपल्या भुईकोट किल्ल्याला वेढा घातला होता. सुरुंग लावून त्यांनी तटाला खिंडार पाडले. चांदबिबीने काय केले? ती स्वतः त्या खिंडाराशी उभी राहिली आणि रातोरात ते बुजवून घेतले. सकाळी शत्रू पाहतो तो तट पुन्हा उभा! भगिनींनो, तट पडत नाही असा किल्ला जगात नाही. खिंडार पडल्यावर आपण त्यावर चादर टाकून झाकतो, की रातोरात दगड रचतो, एवढाच प्रश्न असतो. मी चादर टाकली. तीच हकीकत आता सांगते.

1996 सालची गोष्ट. मी मंडळाची खजिनदार होते. तेव्हा पेटीला एकच कुलूप होते आणि लाल दोरा बांधलेली तिची पितळी किल्ली माझ्या कमरेला असे. मंडळात आम्ही सतराजणी होतो. मुठीच्या धान्याचे आणि वर्गणीचे मिळून पेटीत सोळाशे पन्नास रुपये होते. कोणी सभासद आजारपणात अडली, तर तिला त्यातून बिनव्याजी पैसे द्यावयाचे आणि तिने सवडीने फेडावयाचे, असा नियम होता.

जुलै महिन्यात माझ्या मोठ्या मुलाला तंत्रशिक्षणाच्या पदविकेला प्रवेश मिळाला. फी भरावयास चौदाशे रुपये कमी पडत होते. आमच्या घरच्यांचा त्या महिन्याचा पगार कारखान्यात अडकला होता. मुदतीचे दोन दिवस उरले होते. मी भावाकडे गेले. त्याचीच ओढाताण होती. शेजारी विचारावयास जीभ उचलेना. रात्री मुलगा जेवला नाही. तो काही बोलला नाही, नुसता ताटावरून उठला. त्याचे ते उठणे मला अजून दिसते.

सगळे निजल्यावर मी पेटी उघडली.

मोह कसा येतो, हे मी त्या रात्री शिकले. तो शिंगे आणि शेपटी घेऊन येत नाही. तो आपल्या लेकराच्या काळजीचे रूप घेऊन येतो. माझ्या मनात ‘चोरी’ हा शब्द आलाच नाही. मनाने म्हटले, ‘मी काही चोरते आहे का? उसने घेते आहे. पगार झाला की भरून टाकीन. आणि पेटीतला पैसा अडल्यानडल्याचाच आहे ना? मग आज मीच अडले आहे!’ पाहा, मन किती चांगला वकील आहे ते. मी बैठकीत मागितले असते, तर सोळाजणींपैकी एकीनेही नाही म्हटले नसते. पण खजिनदारणीने हात पसरावयाचा, ह्याची मला लाज वाटली. तेव्हा पैशाच्या मोहाच्या पोटात आणखी एक मोह होता, आणि तो अभिमानाचा होता. गरज खरी होती; ती झाकण्याची धडपड मात्र मला पेटीपाशी घेऊन गेली.

मी पेटीत एक चिठ्ठी ठेवली, ‘रुपये 1,400 उसने घेतले’ अशी. खाली सही केली. त्या चिठ्ठीने मला फार शांत झोप लागली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाटले, अध्यक्षीणबाई सहज पेटी पाहावयास आल्या तर? मी चिठ्ठी काढली आणि चुलीत घातली. भगिनींनो, मी चोर केव्हा झाले असे विचाराल, तर पैसे घेतले तेव्हा नव्हे, चिठ्ठी जाळली तेव्हा, असे मी सांगेन. तेव्हापासून मी मनाशी एक खूणगाठ बांधली आहे: जे वहीत लिहिता येत नाही, ते उसने नव्हे.

याकोबाच्या पत्रात म्हटले आहे की, वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते आणि पाप वाढून मरणाला जन्म देते. पुरुषांनी हे वाचले तर त्यांना तो अलंकार वाटेल. आपण बाया आहोत. आपल्याला ठाऊक आहे की, पोटात वाढणारे एका दिवसात वाढत नाही आणि एकदा दिवस भरले की थांबवू म्हटल्याने थांबत नाही. माझ्या पापाचे दिवस नवव्या दिवशी भरले.

त्या संध्याकाळी आपल्या मंडळातली एक भगिनी माझ्या दारी आली. तिचे नाव मी सांगणार नाही. ती आज येथे आहे की नाही, हेही सांगणार नाही. ही गोष्ट मात्र मी तिची परवानगी घेऊन सांगत आहे. तिच्या नवऱ्याला त्या दिवशी दवाखान्यात ठेवले होते आणि औषधांसाठी आठशे रुपये हवे होते. ती म्हणाली, “वैनी, पेटीतून आठशे द्या. पावती करा.”

पेटीत अडीचशे रुपये होते.

मी तिला म्हटले, “अगं, किल्ली अध्यक्षीणबाईंकडे आहे आणि त्या पुण्याला गेल्यात. उद्या त्या आल्या की ये.” अध्यक्षीणबाई त्या दिवशी खरोखरच पुण्यास गेल्या होत्या. खोटे बोलताना त्यात थोडे खरे मिसळले की ते चांगले फुगून येते. ती क्षणभर उभी राहिली. मग “बरं” म्हणाली आणि पावसात निघून गेली. त्याच रात्री तिने आपल्या कानांतील सोन्याची फुले सावकाराकडे गहाण टाकून आठशे रुपये उभे केले. ती फुले तिला तिच्या आईने दिलेली होती. नवरा बरा झाला, देवाची कृपा. पण व्याज चढत गेले आणि फुले सुटली नाहीत.

बाराव्या दिवशी पगार झाला. मी चौदाशे रुपये पेटीत ठेवले. वहीचा हिशेब पैशापैशाला जुळला. वार्षिक सभेत माझ्या चोख कामाबद्दल आभाराचा ठराव झाला, टाळ्या वाजल्या. मी हात जोडून उभी राहिले.

पुढे 1997 सालचा उपवासकाळ आला. आपण त्याला लेंट म्हणतो. प्रभू येशूने रानात चाळीस दिवस उपवास केला, त्याची आठवण म्हणून आपण त्या काळात काही आवडीचे सोडतो. मी चहा सोडला. ज्यांना माझे चहाचे वेड ठाऊक होते, त्यांनी माझी फार वाखाणणी केली. डोके दुखे, तरी मी घोटभर घेतला नाही. आमच्या शेजारच्या काकू चातुर्मासात एकभुक्त राहत आणि पलीकडच्या चाची रमजानचे रोजे धरीत, त्याही म्हणाल्या, “बाई, तुमचा निग्रह मोठा.” भगिनींनो, सोडण्याचे व्रत प्रत्येक धर्मात आहे आणि ते चांगलेच आहे. पण एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण काही फक्त साबुदाण्याच्या खिचडीपुरती नाही. मी चहा सोडला होता आणि चौदाशे रुपयांचे असत्य दोन्ही वेळ पोटभर जेवत होते.

दुःखसप्ताहात माझ्या घरी प्रार्थनासभा होती. योहानाच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय वाचावयाचा होता आणि वाचन माझ्याकडे होते. बेथानी गावी मरीया मौल्यवान सुगंधी तेल प्रभूच्या चरणांना लावते, तो प्रसंग. यहूदा इस्कर्योत म्हणतो, हे तेल विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत? आणि तेथे योहानाने सांगितले आहे की, त्याला गरिबांची काळजी होती म्हणून तो असे बोलला नाही; पैशाची थैली त्याच्याजवळ असे आणि तीत पडेल ते तो काढून घेई.

हा अध्याय मी लहानपणापासून ऐकत होते. पण बाराजणांतही एक खजिनदार होता, हे त्या दिवशी प्रथमच माझ्या लक्षात आले. माझा आवाज बसला. कोणी तरी पाणी आणून दिले. सर्वांना वाटले, उपवासाने अशक्तपणा आला.

सभा संपल्यावर मी तशीच अध्यक्षीणबाईंच्या घरी गेले. त्या बाईंना प्रभूने 2009 साली आपल्याकडे बोलावून घेतले. आपल्यापैकी अनेकींना त्यांची आठवण असेल. मी सगळे सांगितले. मला वाटले होते, त्या एक तर रागावतील, नाही तर ‘जाऊ दे, भरलेस ना पैसे’ म्हणतील. त्यांनी दोन्ही केले नाही. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, “पेटीचे पैसे भरलेस. तिचे काय?”

मी त्याच रात्री तिच्या घरी गेले. ती भाकऱ्या थापत होती. मी उभ्या उभ्याच सांगावयास लागले. तिने मला मध्येच थांबवले आणि म्हणाली, “मला ठाऊक आहे वैनी. त्या संध्याकाळी किल्ली तुमच्या कमरेला होती. लाल दोरा मला दिसत होता.”

भगिनींनो, पायांखालची जमीन सरकते असे आपण म्हणतो. ती सरकताना मी पाहिली. नऊ महिने! नऊ महिने ती दर गुरुवारी मंडळात येत होती, माझ्या शेजारी बसून गात होती. माझ्या आभाराचा ठराव झाला तेव्हा ती तेथे होती. एक शब्द बोलली असती, तर माझे तोंड दाखवावयास जागा उरली नसती. मी विचारले, “तू बोलली का नाहीस?” ती म्हणाली, “रोज बोलावंसं वाटायचं. जिभेवर यायचं. पण त्यानं तुम्ही आला नसता माझ्या दारी. नुसतं मंडळ मोडलं असतं. म्हणून प्रभूपाशी बोलायची. आणि मी तुम्हाला क्षमा केली होती असं समजू नका हं. रोज रात्री भांडत होते त्याच्याशी.”

याकोबानेच दुसऱ्या ठिकाणी म्हटले आहे की, माणसाने सर्व जातींचे पशू वश केले, पण जीभ कोणाला वश करता आली नाही. मी चाळीस दिवस चहा सोडला आणि माझी वाहवा झाली. तिने नऊ महिने जीभ आवरली आणि ते कोणाला कळलेसुद्धा नाही. इंद्रियदमन कोणी केले, हे आपणच ठरवा.

मी तिला फुलांची किंमत देऊ केली. तिने आढेवेढे घेतले नाहीत, हे मला फार आवडले. सोनाराने किंमत दोन हजार धरली. तीच म्हणाली, “आठशे मला सावकाराकडून मिळाले होते. मंडळाचे घेतले असते तरी मला फेडावेच लागले असते. बाराशे द्या.” मी महिना शंभरप्रमाणे वर्षभरात ते फेडले. जक्कय जकातदाराने प्रभूसमोर उभे राहून चौपट परत करण्याचा शब्द दिला होता. माझ्याने चौपट झाले नाही, पण पश्चात्ताप नुसता डोळ्यांतून वाहून चालत नाही, तो पदरातूनही बाहेर पडावा लागतो, एवढे मी शिकले. आईची फुले मात्र परत आली नाहीत. पैसे परत करता येतात. त्या पावसातली ती संध्याकाळ मला कधीच परत करता येणार नाही.

खजिनदारपद मी सोडले. पुढच्या बैठकीला अध्यक्षीणबाईंनी स्वतःच्या खर्चाने दुसरे कुलूप आणले आणि म्हणाल्या, “आजपासून पेटीला दोन कुलपे.” कोणी कारण विचारले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “प्रभूने शिष्यांना दोघेदोघे असे पाठवले. पेटीनेही दोघींबरोबर राहावे.” मोठी बाई! त्यांनी माझे पाप झाकले, पण तटाचे खिंडार उघडे ठेवले नाही.

आता ह्यावरून मी काय शिकले, ते थोडक्यात सांगून आटोपते घेते.

प्रभू येशूची रानातली परीक्षा आपण मत्तयात आणि लूकात वाचतो. तो भुकेला झाला तेव्हाच परीक्षक त्याच्याजवळ आला आणि प्रथम भाकरीचीच गोष्ट बोलला. एसावाचेही तसेच झाले. रानातून दमून भुकेला आला आणि मसुरीच्या वरणासाठी त्याने थोरलेपणाचा हक्क विकला. पोट रिकामे असते, मन थकलेले असते, लेकरू ताटावरून उठलेले असते, ती वेळ सौदा करण्याची नसते. अशा रात्री पेटीपाशी जाऊ नये. उठून शेजारणीचे दार वाजवावे.

दुसरे असे की, प्रभूने तिन्ही वेळा शास्त्रातून उत्तर दिले, आणि ती तिन्ही उत्तरे अनुवादाच्या पुस्तकातली आहेत. ती त्याने रानात बसून शोधली नव्हती. लहानपणी आईच्या मांडीवर पडलेले बीज ते. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. म्हणून रविवारच्या शाळेत मुलांकडून वचने पाठ करून घेताना आपण कंटाळू नये. आज ती पोपटासारखी म्हणतील, पण एखाद्या रानात त्यांना ती आठवतील.

तिसरे, योसेफाचे पाहा. पोटीफराच्या बायकोने त्याचे वस्त्र धरले, तेव्हा तो वाद घालीत बसला नाही. वस्त्र तिच्या हातात टाकून पळाला. त्यासाठी त्याला तुरुंग भोगावा लागला. मोहाशी चर्चा करू नये. चर्चेत तो आपल्यापेक्षा हुशार आहे, हे मी आपल्याला अनुभवाने सांगते. पळण्यात कमीपणा नाही. पौलाने करिंथकरांस लिहिले आहे की, परीक्षेबरोबर देव निभावण्याचा उपायही करतो. माझ्यासाठी तो उपाय सोळा भगिनींच्या रूपाने सोळा घरांत बसला होता. मीच गेले नाही.

चौथे, नुसते सोडून भागत नाही. झाडूनपुसून रिकाम्या ठेवलेल्या घरात एका अशुद्ध आत्म्याच्या जागी आणखी सात शिरतात, असा दाखला प्रभूने दिला आहे. चहा सोडून मी ती जागा रिकामी ठेवली आणि तीत गर्व येऊन राहिला. जे सोडाल त्या जागी सेवेचे काही तरी आणून ठेवा. पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्या डोळ्यांपुढे आहे. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा त्यांनी केडगावला आणल्या. पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. 1921 साली एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी हातातले काम त्यांनी खाली ठेवले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे देहावसान झाले, आणि ते भाषांतर 1924 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. स्वतःवर सत्ता असणे म्हणजे काय, ते तेथे दिसते. त्यांनी काय काय सोडले ह्याची यादी कोणी करीत नाही. काय भरले, ते आजही केडगावला उभे आहे.

आणि शेवटचे. लूकाने त्या परीक्षेच्या शेवटी एक बारीक गोष्ट नोंदवली आहे. सैतान प्रभूला सोडून गेला खरा, पण संधी मिळेपर्यंत. तो कायमचा जात नाही. मी आज पासष्ट वर्षांची आहे. मला वाटले होते, वय झाले की मोह सुटतील. सुटत नाहीत, फक्त रूप पालटतात. आता मोबाईलवर कोणाच्या तरी सुनेची गोष्ट येते आणि ती पुढे चार घरी धाडावयास अंगठा शिवशिवतो. तेव्हा मला पावसातून परत जाणारी ती भगिनी आठवते आणि मी तो मोबाईल पालथा ठेवते. दर वेळी ठेवते असे नाही. पण पुष्कळदा ठेवते.

म्हणून माझी मंडळाला हात जोडून विनंती आहे. काळ बदलला, पेटी जुनी झाली, हे मला मान्य आहे. पैसे मोबाईलवरून येवोत की बँकेतून येवोत. पण ते एकीच्या खात्यावर नसावेत. मंडळाच्या नावाने खाते असावे, दोघींच्या सह्यांखेरीज पैसा निघू नये, आणि दरमहा वही सर्वांपुढे वाचली जावी. कोणी म्हणेल, हा अविश्वास आहे. नव्हे. माझ्यावर सोळाजणींचा पूर्ण विश्वास होता आणि त्या विश्वासाने मला एकटीला पेटीजवळ सोडले. दुसरे कुलूप असते, तर त्या रात्री मला दुसऱ्या किल्लीसाठी कोणाचे तरी दार वाजवावे लागले असते. दार उघडले असते, मी रडले असते आणि चौदाशे रुपये राजरोस माझ्या पदरात पडले असते. प्रभूने आपल्याला शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोज मागतो की, आम्हांला परीक्षेत आणू नकोस. जे आपण स्वतःसाठी मागतो, ते आपल्या खजिनदारणीसाठीही करावे.

माझा तो मुलगा आज नोकरीला आहे, दोन लेकरांचा बाप आहे. त्याची पहिली फी कोठून आली, हे मी त्याला मागच्या आठवड्यात सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारले, “आई, त्या मावशींना कळू द्यायचं का की मला ठाऊक आहे?” मी म्हटले, “विचार आणि ठरव.” काल तो तिच्या घरी जाऊन आला. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. विचारावयाचा फार मोह झाला होता!

असो. माझे बोलणे लांबले. काही अधिकउणे गेले असेल, तर आपली समजून क्षमा करावी. प्रभू आपल्या मंडळावर कृपा करो, आपल्या मुठी त्याच्या हाती राहोत, आणि आपल्यापैकी कोणीही भगिनी आपल्या गरजेशी एकटी न राहो, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेते.